हिरव्या झाडाचा कुजलेला बुंधा

मुंबई-पुण्यात पहिला जोराचा पाऊस झाला की झाडे पडल्याच्या बातम्या येतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असते : 'चांगले हिरवेगार झाड अचानक कोसळले.' यातले 'हिरवेगार' बहुतेक वेळा खरे असते, 'अचानक' मात्र क्वचितच.

रस्त्याकडेच्या एखाद्या जुन्या गुलमोहराच्या बुंध्याशी, जमिनीलगत, वाकून पाहावे. तांबूस तपकिरी, वरून लाखेचे रोगण दिल्यासारखी चकाकणारी आणि कडेला पांढरी किनार असलेली अर्धगोल वाढ तेथे कधी कधी दिसते. ती हाताला लाकडासारखी कठीण लागते आणि तिच्यावर कोकोच्या भुकटीसारखी धूळ बसलेली असते. ही धूळ म्हणजे गॅनोडर्मा या बुरशीचे बीजाणू. ही वाढ मोडून फेकली की रोग गेला, असा समज आहे. पण आंबा उतरवल्याने आंब्याचे झाड नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. खरी बुरशी तंतुरूपाने मुळांत व बुंध्याच्या लाकडात पसरलेली असते आणि बाहेर हे 'फळ' दिसेपर्यंत तिने आत बहुधा काही वर्षे काढलेली असतात.

ती आत काय करते, ते विलक्षण आहे. लाकडाची रचना सिमेंट काँक्रीटच्या खांबासारखी असते : सेल्युलोजचे धागे म्हणजे सळया आणि त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन म्हणजे सिमेंट. सेल्युलोजमध्ये ग्लुकोजचे रेणू एकाच प्रकारच्या बंधाने ओळीत जोडलेले असतात, त्यामुळे तो बंध तोडणारे विकर (एन्झाइम) असले की काम भागते. लिग्निनचे तसे नाही. त्याचे घटक रेणू अनेक प्रकारच्या बंधांनी, ठरावीक क्रम न ठेवता, तिन्ही दिशांना गुंतलेले असतात. एका कुलपाची एक किल्ली येथे चालत नाही. शिवाय विकराचा रेणू इतका मोठा असतो की धड लाकडाच्या पेशीभित्तिकेत तो शिरूच शकत नाही. यावर गॅनोडर्मासारख्या 'श्वेत कूज' घडवणाऱ्या बुरशींचा तोडगा असा : त्या हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, त्याच्या बळावर त्यांचे विकर मँगॅनीजच्या आयनाचा (विद्युतभारित अणूचा) एक इलेक्ट्रॉन काढून घेते आणि हा भुकेला, चिमुकला आयन बुरशीनेच स्रवलेल्या ऑक्झॅलेटचा हात धरून भित्तिकेत शिरतो. तेथे तो लिग्निनचा एक इलेक्ट्रॉन ओढतो; त्यातून तयार होणारे अस्थिर मूलक (सुटा इलेक्ट्रॉन असलेले रेणू) पुढचे बंध आपोआप तोडत जातात. म्हणजे विकर बाहेर उभे राहते आणि आत निरोप्या पाठवते. लिग्निन गेल्यावर उरणारे लाकूड फिकट, ओलसर आणि स्पंजासारखे मऊ असते.

मग झाड हिरवे कसे राहते? पानांना पाणी पोचवण्याचे काम खोडाच्या बाहेरच्या भागातील रसकाष्ठ करते. आतले मध्यकाष्ठ मृतच असते. ते कुजले तरी पानांना त्याची खबर लागत नाही. पोकळ खोड लगेच धोक्याचे होते असेही नाही. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळे खोडाच्या बरोबर मध्यभागी व्यासाच्या 70 टक्के पोकळी झाली, तरी भोवतीची भिंत अखंड असेल तर ताकद सुमारे 24 टक्क्यांनीच घटते. पोकळी 90 टक्के झाली की मात्र दोन-तृतीयांश ताकद जाते. त्यामुळे ढोली दिसली की तोडा, हा आग्रह चुकीचा आहे. गॅनोडर्माची गोष्ट निराळी, कारण ती आधाराची मुळे आणि बुंधा खाते आणि वाऱ्याचा सगळा ताण तेथेच एकवटतो.

ही बुरशी शिरते ती मुख्यतः जखमांतून. केबलसाठी खणलेल्या चरात तुटलेली मुळे, गाडीच्या धक्क्याने सोललेली साल, बुंध्याला आवळणारे काँक्रीट ही तिची प्रवेशद्वारे होत. मूळच्या मादागास्करच्या, उथळ मुळांच्या गुलमोहराला ती विशेष लागते. नारळालाही तिच्यामुळे मर रोग होतो. बुंध्याला गेरू-चुना लावल्याने आतल्या कुजीवर काहीही परिणाम होत नाही आणि ढोलीत विटा-सिमेंट भरणे तर अपायकारकच. याच कुळातील लिंगझी किंवा रेशी नावाची भूछत्रे भुकटी करून 'कर्करोगावर रामबाण' म्हणून विकली जातात. तसा भक्कम वैद्यकीय पुरावा नाही.

तपासणी अवघड नाही. लाकडी हातोडीने बुंधा ठोकल्यास पोकळ भागाचा आवाज बदलतो. खोडाभोवती संवेदक लावून ध्वनिलहरींचा वेग मोजला, तर कुजलेल्या भागाचा नकाशाही मिळतो, कारण तेथे आवाजाला वळसा घालावा लागतो. मुळांची कूज मात्र या नकाशात नीट उतरत नाही; त्यासाठी बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने बाजूला करून मुळे पाहावी लागतात.

पडलेले झाड उचलून नेले जाते, पण खुंट आणि मुळे बहुधा जमिनीतच राहतात आणि त्यांत बुरशीही. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहराचेच रोप लावले, तर त्याची कोवळी मुळे वाढत वाढत त्याच कुजक्या मुळांपर्यंत पोचतात.