सिंहासनावरची मरिया की भुईवरची?

पंधराव्या शतकातल्या इटलीतली मरिया आणि बाळ येशूची दोन चित्रं शेजारी ठेवली, तर पहिल्या नजरेत एकच वाटतात. तोच सोनेरी मुलामा, तोच निळा झगा, मांडीवर बाळ, पायाशी वाद्यं वाजवणारे देवदूत. पण एकीला इटालियनमध्ये 'मायेस्ता' म्हणतात, म्हणजे वैभवात बसलेली राणी. दुसरी 'विनम्र मरिया'. चेहऱ्यावरून ओळखायला गेलात तर फसाल. ती बसली आहे कशावर, ते बघा.

मायेस्ता सिंहासनावर असते. चित्रकार जोत्तोची फ्लॉरेन्समधली मायेस्ता सव्वातीन मीटर उंच आहे. अशी चित्रं बहुधा चर्चच्या वेदीसाठी असत. विनम्र मरिया मात्र जमिनीवर, फार तर एका उशीवर बसते. चौदाव्या शतकात हा प्रकार रुजला. पालेर्मोतल्या 1346च्या चित्रावर तर हे नावच लिहिलेलं आहे. लॅटिनमध्ये विनम्रतेचा शब्द 'माती'वरून आलाय. 'पाय जमिनीवर असू दे' म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नकोच.

चित्रकार मासाच्चोनं 1426मध्ये पिसाच्या चर्चसाठी रंगवलेली मरिया आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सिंहासन दगडी, त्यावरची नक्षी रोमन शवपेट्यांवर असते तशी वळणदार, आणि डावीकडून येणाऱ्या उजेडात त्याची सावलीसुद्धा पडते. एवढ्या भारदस्त आसनावरच्या आईच्या मांडीत बाळ मात्र द्राक्षं खातंय, बोटं तोंडात घालून! द्राक्षं म्हणजे मिस्सेतला, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीतला द्राक्षारस, येशूचं पुढे क्रुसावर सांडायचं रक्त. बाळाला त्यातलं काहीच ठाऊक नाही. मला हे चित्र बघताना प्रत्येक वेळी गलबलून येतं.

खरी गल्लत होते ती चित्रकार फ्रा आंजेलिकोच्या, साधारण 1433 ते 1435मधल्या विनम्र मरियेपाशी. देवदूतांनी तिच्यामागे जरीचा भरजरी पडदा धरलाय. तो आसनाच्या पाठीसारखा दिसतो, म्हणून पटकन 'सिंहासन' म्हणून मोकळे होतो आपण. इथे पायाशी ल्यूट (एक तंतुवाद्य) आणि छोटा ऑर्गन वाजवणारे देवदूतही आहेत, म्हणजे मासाच्चोशी साम्य आणखीच वाढतं. पण पडद्यावरून नजर खाली आणा. पायऱ्या नाहीत, हात टेकायला दगड नाही. उशी आहे, आणि निळा झगा सरळ जमिनीवर पसरलाय.