कौंटी समन्वयक : युएसजेनवेब प्रकल्प

अमेरिकेतील एखाद्या कौंटीचे (राज्यातल्या, आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) वंशावळविषयक संकेतस्थळ विनामोबदला उभारणारा आणि सांभाळणारा स्वयंसेवक म्हणजे कौंटी समन्वयक. युएसजेनवेब हा प्रकल्प १९९६ मध्ये केंटकी राज्यात सुरू झाला. तिथल्या १२० कौंट्यांपैकी प्रत्येकीचे स्वतंत्र पान असावे आणि ते पाहणारा माणूस असावा, एवढीच मूळ कल्पना होती. त्याच वर्षी ती इतर राज्यांत पसरली. पानावरची माहिती सर्वांना फुकट असते.

कौंटी हा घटक निवडण्याला कारण आहे. विवाह, जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, वारसांच्या वाटण्या यांचे दप्तर बहुतेक राज्यांत कौंटीच्या कचेरीत असते. लुइझियानात कौंटीला पॅरिश म्हणतात. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांत, मात्र जन्म-मृत्यूच्या नोंदी टाउनच्या कारकुनाकडे असतात, त्यामुळे तिथल्या पानाची मांडणी गावनिहाय करावी लागते.

समन्वयक नसलेल्या कौंट्यांची यादी राज्य समन्वयकाकडे मिळते. अर्ज त्याच्याकडेच करायचा. त्या कौंटीत राहत असण्याची अट नाही. पानावर प्रकल्पाचे बोधचिन्ह, राज्याच्या पानाचा दुवा, समन्वयकाचा चालू ईमेल पत्ता आणि पूर्वजांविषयी विचारणा नोंदवण्याची सोय असावी लागते. विचारणेत आडनाव, ठिकाण आणि काळ हे तिन्ही नसतील तर उत्तर मिळणे अवघड, म्हणून विचारणेच्या नमुन्यातच तसे रकाने ठेवावेत.

पान हाती आल्यावर आधी कौंटीच्या सीमांचा इतिहास लिहावा. वाचक सर्वांत जास्त इथेच चुकतो. उदाहरणार्थ, केंटकी आधी व्हर्जिनिया राज्याची एक कौंटी होती; १७८० मध्ये तिचे फेएट, जेफरसन आणि लिंकन असे तीन भाग झाले. १७९२ मध्ये केंटकी राज्य झाले तेव्हा कौंट्या नऊ होत्या. शेवटची, मॅक्रीरी, १९१२ मध्ये पुलास्की, वेन आणि व्हिटली यांच्यातून काढली गेली. मॅक्रीरीतल्या एखाद्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या घर बदलले नसले, तरी १९१२ पूर्वीचे त्याचे दप्तर या तिघींपैकी एकीत शोधावे लागते. सीमांच्या खाली नोंदींचा तक्ता द्यावा : कोणती नोंद कोणत्या वर्षापासून आहे, कुठे आहे, कचेरीला आग लागली असल्यास काय जळाले आणि काय वाचले. शंभर दुव्यांपेक्षा हा एक तक्ता जास्त उपयोगी पडतो.

नोंदींची नक्कल करताना कागदावर आहे तेच उतरवायचे. स्पेलिंग सुधारायचे नाही; आपला तर्क चौकोनी कंसात द्यायचा, वाचता न आलेले अक्षर तसे नमूद करायचे. जुन्या हस्ताक्षरातला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. ‘जेएनओ’ हे बहुधा जॉनचे संक्षिप्त रूप असते, जोनाथनचे नव्हे. थडग्यावर ‘कॉन्सॉर्ट’ असेल तर पत्नी नवऱ्याच्या आधी वारलेली, ‘रेलिक्ट’ असेल तर ती विधवा. पुसट दगड वाचण्यासाठी आरशाने तिरपा प्रकाश पाडावा. दाढीचा फेस, ब्लीच किंवा तारेचा ब्रश कधीही वापरू नये, कारण रसायने दगडात मुरतात आणि तारेने अक्षरांच्या कडा झिजतात. प्रत्येक नकलेखाली पुस्तकाचा खंड, पान आणि नक्कल केल्याची तारीख हवीच.

गुलामगिरीतल्या माणसांच्या नोंदींकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आणि खाली प्रत्येकाचे वय, लिंग, वर्ण एवढेच असते. नावे जवळपास नसतातच. मुक्त झालेली बहुसंख्य माणसे जनगणनेत नावानिशी प्रथम दिसतात ती १८७० मध्ये. त्याआधीची नावे मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत किमतीसह लिहिलेली सापडतात. ती नावे मालकाच्या सूचीत दडपून न ठेवता त्यांची स्वतंत्र सूची करणे हे समन्वयकाचे फार मोलाचे काम आहे.

जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे २०२२ मध्ये झाले. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळपास संपूर्ण नष्ट झाली, हे पानावर ठळक लिहावे म्हणजे तीच ती विचारणा येत नाही. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि पत्ते काढून टाकावेत. नुसत्या तथ्यांवर प्रताधिकार नसतो, पण ती मांडणारा मजकूर, छायाचित्रे आणि टिपा यांवर असू शकतो. म्हणून नक्कल किंवा छायाचित्र देणाऱ्याची लेखी परवानगी जपून ठेवावी आणि त्याचे नाव नकलेशी जोडावे.

पाने साधी, स्थिर ठेवावीत. नकला साध्या मजकुराच्या फाइलींत असाव्यात, म्हणजे संकेतस्थळ जिथे ठेवले आहे ती यजमान सेवा बंद पडली तरी त्या सहज हलवता येतात. बरीच पाने नष्ट होतात ती समन्वयक आजारी पडल्यावर किंवा वारल्यावर : पासवर्ड कुणाला ठाऊक नसतो, डोमेनचे शुल्क थकते, वर्षांची मेहनत गायब होते. संपूर्ण प्रत वर्षातून दोनदा राज्य समन्वयकाकडे पाठवावी, आणि प्रवेशाचा तपशील आपल्या पश्चात कुणाला द्यायचा ते सुरुवातीलाच लिहून ठेवावे.