'गुडबाय' अशुभ नाही

"'गुडबाय' म्हणजे कायमचा निरोप. घरच्यांना कधी म्हणू नका, 'सी यू' म्हणा." हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय.

वाचून मनात पाल चुकचुकते, ते साहजिकच आहे. उंबऱ्यावरून 'जातो' म्हटलं की "येतो म्हण!" हे ऐकतच आपण वाढलो. पण तो संकेत मराठीचा. इंग्रजी शब्द वेगळ्याच वाटेने आला.

मूळ वाक्य होतं 'गॉड बी विथ यी', म्हणजे देव तुमच्या सोबत असो. बोलता बोलता ते आक्रसलं. १६व्या शतकाच्या उत्तरार्धात 'गॉडब्वाय'सारखी रूपं लिहिलेली सापडतात. पुढे 'गुड डे', 'गुड इव्हनिंग'च्या संगतीत 'गॉड'चा 'गुड' झाला. निघाला की नाही चक्क आशीर्वाद! नुसतं 'बाय' हे त्याचंच शेपूट.

खात्री करायची तर व्युत्पत्ती देणारा कोणताही इंग्रजी शब्दकोश उघडा. शिवाय इंग्रजी बोलणारे रोज फोन ठेवताना 'बाय' म्हणतात आणि संध्याकाळी पुन्हा फोन करतात.

कायमच्या ताटातुटीची छटा 'फेअरवेल'ला जास्त, आणि त्याचाही मूळ अर्थ 'सुखाने जा' असाच. 'पैशांना गुडबाय म्हण' अशा बोलण्यात मात्र हातचं गेल्याचा सूर असतो. गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा.