गिश्वाती-मुकुरा राष्ट्रीय उद्यान

रवांडाच्या पश्चिम भागातील, काँगो-नाईल जलविभाजक डोंगररांगेवरचे पर्वतीय वर्षावन. गिश्वाती आणि मुकुरा ही एकमेकांपासून तुटलेली दोन जंगले मिळून हे उद्यान होते. क्षेत्रफळ सुमारे ३५ चौ. किमी. २०१५ मध्ये त्याला देशातील चौथ्या राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०२० मध्ये गिश्वाती परिसर युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आला आणि त्याच वर्षाअखेरीस पर्यटन सुरू झाले.

आकाराने लहान असले तरी या उद्यानाचे मोल मोठे आहे, कारण हे जंगल जवळजवळ संपले होते. १९७० च्या दशकात गिश्वातीचा विस्तार सुमारे २८० चौ. किमी. होता. पुढील दशकात जागतिक बँकेच्या पैशावर गुरांची कुरणे आणि पाइनची लागवड करण्याचा प्रकल्प आला आणि मूळ जंगल साफ झाले. पिढ्यान्‌पिढ्या या रानावर जगणारे बात्वा लोक विस्थापित झाले. १९९४ च्या वंशसंहारानंतर मायदेशी परतलेल्या निर्वासितांना घरासाठी, शेतीसाठी जमीन हवी होती. तीही बरीचशी इथूनच गेली. नव्या शतकाच्या आरंभी फक्त सुमारे ६ चौ. किमी. मूळ जंगल उरले. मुकुरात लाकूडतोडीबरोबर कोल्टन या खनिजासाठी होणाऱ्या बेकायदा खोदकामानेही नुकसान केले.

झाडे गेल्याची किंमत उतारावरच्या गावांनी मोजली: माती वाहून गेली, दरडी कोसळल्या, सेबेया नदी गाळाने भरली. मे २०२३ च्या पावसात देशाच्या पश्चिम आणि उत्तर भागांत १३० हून अधिक माणसे दगावली, त्यात सेबेयाकाठही उद्ध्वस्त झाला. जंगल राखणे हा इथल्या लोकांच्या जीविताचा प्रश्न आहे. चिंपांझींची काळजी हे त्याचे एकच कारण नव्हे.

पुनरुज्जीवनाचे संघटित काम २००७-०८ च्या सुमारास अमेरिकेतील ग्रेट एप ट्रस्ट या संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाले आणि काही वर्षांत गिश्वातीचे संरक्षित वनक्षेत्र ८८६ हेक्टरांवरून १,४८४ हेक्टरांवर गेले. २०१२ मध्ये ‘फॉरेस्ट ऑफ होप असोसिएशन’ या स्थानिक संस्थेने ही जबाबदारी पुढे चालवली. सगळीकडे रोपे लावावी लागली नाहीत. गुरे आणि कुऱ्हाड बाहेर राहिली तेवढ्यानेही बरेच रान आपोआप उठले. मोकळ्या जागेत आधी मॅकारांगा उगवतो (सह्याद्रीतल्या चांदाड्याच्याच प्रजातीचा). जुन्या भागात कारापा आणि कोकमाच्या कुळातला सिम्फोनिया असे मोठे वृक्ष आहेत. चिंपांझी फळे खाऊन बिया दूरवर टाकत असल्याने जंगल वाढवण्याचे कामही तेच करतात.

गिश्वातीत पूर्वेकडील चिंपांझींचा एक छोटा कळप आहे. शिवाय सोनेरी माकड, लोएस्टचे माकड आणि निळे माकडही दिसते. सोनेरी माकड मुख्यतः विरुंगा पर्वत आणि गिश्वाती एवढ्याच भागात उरले आहे. पक्ष्यांच्या गिश्वातीत २०० हून अधिक, तर मुकुरात १६० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. दक्षिणेकडच्या न्युंग्वे जंगलाशी वनपट्ट्याने जोडण्याची कल्पना जुनी आहे. एकाकी पडलेल्या चिंपांझींच्या भवितव्यासाठी तो पट्टा फार निकडीचा आहे.

जंगलात वाटाड्याबरोबरच जाता येते. चढ उभे असतात, वाट चिखलाची असते, आणि चिंपांझी हमखास दिसतीलच असे नाही. माणसाचा सर्दी-खोकला त्यांच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून आजारी असताना जाऊ नये आणि ठरलेले अंतर सोडू नये. जून ते सप्टेंबर हा कोरडा काळ चालण्यास सोयीचा असतो.

पण केवळ जंगल पाहून परतणाऱ्याला हे उद्यान अर्धेच कळते. बटाट्याची शेते, चहाचे मळे आणि कुरणे थेट वनाच्या कडेला भिडलेली आहेत. गिश्वातीचे चीज देशभर प्रसिद्ध आहे. गावकरी पाहुण्यांना मधमाश्यांच्या पेट्या दाखवतात, वैदू औषधी वनस्पतींची ओळख करून देतात, बायका टोपल्या विणायला शिकवतात, चहाच्या मळ्यांतून फेरी होते, नृत्यही होते. त्याचे पैसे थेट गावात येतात. शिवाय राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन महसुलातला १० टक्के वाटा भोवतालच्या वस्त्यांच्या कामांसाठी देण्याचे सरकारी धोरण आहे; २०१७ पूर्वी तो ५ टक्के होता.

तरी ताण संपलेला नाही. चिंपांझी कधी कधी मक्याच्या शेतात शिरतात आणि शेतकऱ्याचे नुकसान होते. बात्वांचा हक्क तर त्याहून जुना आहे. ज्या रानातून त्यांना काढले गेले त्याच रानाच्या उत्पन्नात आणि कारभारात त्यांना ठोस स्थान मिळायला हवे, केवळ नाचगाण्याच्या कार्यक्रमात नव्हे.