पुलाखाली शटल का भरकटते?

नवी मुंबईत सानपाड्याला उड्डाणपुलाखाली जाळ्या लावून क्रिकेट, बास्केटबॉल, बॅडमिंटनची सोय केली आहे. 2023मध्ये तिचे व्हिडिओ गाजले आणि ‘आमच्या पुलाखाली कधी?’ अशी विचारणा सुरू झाली. मागणी रास्तच आहे. एरवी तिथे भंगार गाड्या नि राडारोडाच साठतो.

छप्पर फुकटात मिळते, तेही भक्कम. सावलीत हवेचे तापमान फारसे उतरत नाही, पण निरभ्र दुपारी उघड्यावर दर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास सूर्याची ऊर्जा पडते; तिचा थेट मारा चुकतो. वरचा रस्ता रणरणला तरी जाड काँक्रीटमधून ती उष्णता खाली झिरपायला काही तास लागतात. शिवाय भर पावसातही खेळ थांबत नाही.

उंचीचे काय? आपल्याकडे पुलाखालून वाहने जाण्यासाठी साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवतात. व्हॉलीबॉलच्या नियमांनुसार मैदानावर किमान 7 मीटर लागते. नेदरलँड्समधल्या कोख आन द झान गावात ए8 महामार्गाखाली स्केटिंग, बास्केटबॉल आणि चक्क सुपरमार्केटही थाटले गेले. तिथले खांबच सुमारे 7 मीटर उंच; आपल्याकडे प्रत्येक पूल असा निघेलच असे नाही.

बॅडमिंटनची अडचण वेगळीच. शटलचे वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम. उंचावरून ते सेकंदाला जेमतेम 6-7 मीटर वेगाने खाली येते. त्यात सेकंदाला 2 मीटर वेगाची झुळूक आडवी आली की रेषेवरचे शटल बाहेर गेलेच म्हणून समजा. मग चारी बाजू पत्र्याने बंद करायच्या? तसे केले तर गाड्यांचा धूर आतच कोंडेल. विश्रांती घेताना आपण मिनिटाला 6-8 लिटर हवा आत घेतो, जोरात पळताना 60च्याही वर. धूरही त्याच पटीत छातीत जातो.

माझे मत विचाराल तर अशा जागी पहिला मान कबड्डीचा. तिला उंचीही फारशी लागत नाही आणि वाऱ्याचीही धास्ती नाही. फक्त मैदान सिग्नलजवळ नको. गाड्या तिथेच इंजिन चालू ठेवून ताटकळतात, आणि चढाई करणाऱ्याला दम तर त्याच हवेत धरायचा असतो.