फोनला झोप लागली तर बॅटरी टिकते

फोन खिशात पडलाय, स्क्रीन बंद आहे, कुणाचा कॉलही आला नाही, तरी दोन तासांनी बघावं तर दहा टक्के बॅटरी उतरलेली. अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात. उघडलेल्या ॲप्सची रांग काढायची आणि बोटाने एकेक वर ढकलत सगळी साफ करायची. मोबाइलच्या दुकानातही हाच सल्ला मिळतो. पण याने बॅटरी वाचत नाही. २०१६च्या मार्चमध्ये एका ग्राहकाने ॲपलला ईमेल करून हेच विचारलं होतं, तेव्हा तिथले सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी उत्तरात सरळ ‘नाही’ म्हटलं. त्याच सुमारास गूगलमध्ये अँड्रॉइडचं काम पाहणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही तेच सांगितलं, आणि असं केल्याने झालंच तर थोडं नुकसान होईल, अशी भरही घातली.

कारण साधं आहे. रांगेत दिसणारी बहुतेक ॲप्स चालू नसतात, रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, गोठवून ठेवलेली असतात. रॅम भरलेली असो की रिकामी, तिला वीज तेवढीच लागते. ॲप ढकलून दिलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं, की सगळा पसारा स्टोरेजमधून नव्याने वाचावा लागतो, प्रोसेसर जोरात पळतो, आणि वाचवायला निघालो होतो तीच वीज खर्च होते. एखादं ॲप अडकलं असेल तर ते बंद करणं ठीक. सवय म्हणून करण्यात अर्थ नाही.

मग बॅटरी जाते कुठे? थोडा हिशेब करू. आजच्या बऱ्याच फोनमध्ये ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते. सरासरी ३.८५ व्होल्ट धरले तर ती साधारण १९ वॅट-तास ऊर्जा साठवते. फोन गाढ झोपेत असतो, म्हणजे स्क्रीन बंद, प्रोसेसर थांबलेला, रेडिओ (म्हणजे मोबाइल टॉवरशी बोलणारा भाग) फक्त अधूनमधून टॉवरची हाक ऐकायला उठणारा, तेव्हा तो वॅटच्या काही शतांशांवर भागवतो. त्या हिशेबाने नुसता पडलेला फोन कित्येक दिवस चालायला हवा. तो चालत नाही, कारण त्याला झोपूच दिलं जात नाही. बॅटरीचं व्यवस्थापन म्हणजे फोनची झोप मोडणारे शोधून काढणं. बाकी सगळं त्यानंतर.

झोपमोडीची किंमत नेमकी किती असते, हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण समजतो की जितका डेटा जास्त, तितकी बॅटरी जास्त. मोबाइल नेटवर्कवर हे पूर्ण खरं नाही. ॲपला सर्व्हरकडे एक किलोबाइट जरी पाठवायचा असेल, तरी रेडिओला आधी टॉवरशी जोडणी करावी लागते. मजकूर क्षणार्धात जातो. पण त्यानंतर रेडिओ लगेच झोपत नाही. अजून काही येईल का, म्हणून तो जोडणी धरून जागाच राहतो. किती वेळ, ते नेटवर्क ठरवतं, फोन नव्हे. संशोधक या उरलेल्या खर्चाला शेपटीची ऊर्जा म्हणतात. २०१२ साली अमेरिकेत फोरजी नेटवर्कवर झालेल्या एका मोजणीत ही शेपटी साडेअकरा सेकंदांच्या आसपास निघाली, आणि त्या काळात फोन साधारण एक वॅट खात होता. रिक्षात बसून कोपऱ्यावर उतरलात तरी किमान भाडं द्यावंच लागतं, तसं हे आहे.

आता एखादं ॲप दर पाच मिनिटांनी सर्व्हरशी बोलतंय असं समजा. दिवसाला २८८ वेळा. प्रत्येक वेळी सुमारे बारा ज्यूल (एक वॅट एक सेकंद चालला की एक ज्यूल, ३६०० ज्यूल म्हणजे एक वॅट-तास). बेरीज साडेतीन हजार ज्यूलच्या आसपास, म्हणजे जवळपास एक वॅट-तास. १९ पैकी एक, पाच टक्क्यांहून थोडं जास्त. डेटा म्हणाल तर दिवसभरात मोजून २८८ किलोबाइट, एखाद्या बऱ्या फोटोपेक्षाही कमी. हे २०१२चे आकडे आहेत. आजच्या फोनमधले मोडेम, म्हणजे हा रेडिओ चालवणाऱ्या चिप, अधिक काटकसरी आहेत आणि शेपटीतही मधेमधे डुलक्या घेतात. पण तत्त्व बदललेलं नाही. अशी चार ॲप्स आपापल्या वेळेला उठत असतील तर चार वेगळ्या शेपट्या. चौघांनी एकाच वेळी काम उरकलं तर एकच.

फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये गेल्या काही वर्षांत झालेले बरेच बदल या एका गोष्टीभोवती फिरतात. २००९ साली ॲपलने पुश नोटिफिकेशन आणलं. प्रत्येक ॲपने आपली वेगळी जोडणी धरून बसायचं नाही, सगळ्यांसाठी मिळून एकच जोडणी, निरोप आला की तिथून वाटायचा. गूगलनेही पुढे तशीच व्यवस्था केली. २०१४च्या अँड्रॉइड ५मध्ये किरकोळ कामं साठवून एकदम करायची सोय आली. २०१५च्या अँड्रॉइड ६मध्ये ‘डोझ’ आलं: फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि टेबलावर हलत नाही, तर ॲप्सचं नेटवर्क तोडायचं आणि अधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडायची. पुढच्या वर्षी खिशातल्या, हलत्या फोनलाही त्याचा सौम्य प्रकार लागू झाला. २०१८पासून अँड्रॉइड फोन ॲप्सची प्रतवारी करतो. रोज वापरता त्याला मोकळीक, महिन्यात एकदा उघडता त्याला लगाम. आयफोनमध्ये बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश नावाचं बटण आहे, तेही याच कामाचं.

एवढं असूनही काही ॲप्स निसटतात. बहुतेक वेळा आपणच दिलेल्या परवानगीमुळे.

रत्नागिरीजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीचा फोन संध्याकाळपर्यंत टिकत नसे. सेटिंग्जमध्ये बॅटरीचं पान उघडून ॲपनुसार वापर बघितला. वर अपेक्षेप्रमाणे व्हॉट्सॲप आणि यूट्यूब, पण तिसऱ्या क्रमांकावर पंचांगाचं एक मोफत ॲप. त्यावर बोट ठेवलं तर स्क्रीनवर चार मिनिटं आणि बॅकग्राउंडला तीन तासांच्या वर. मावशी म्हणाली, “अगं, मी सकाळी तिथी बघते आणि ठेवून देते. हे दिवसभर करतं काय?” परवानग्या बघितल्या. लोकेशन ‘नेहमी’साठी चालू. लोकेशन मागायला कारण खरं आहे, कारण सूर्योदयाची वेळ गावागणिक बदलते आणि वार-तिथी सूर्योदयावर ठरते. पण मावशीचं गाव काही रोज बदलत नाही. आणि तिथी काढायला इंटरनेट लागतच नाही, ते निव्वळ गणित आहे. नेट लागत होतं ते जाहिरातींना.

लोकेशन ‘ॲप वापरताना फक्त’ असं केलं, मोबाइल डेटामधलं बॅकग्राउंडचं बटण बंद केलं आणि बॅटरीच्या तीन पर्यायांतून ‘रिस्ट्रिक्टेड’ निवडलं. तिथी अजूनही रोज बरोबर दिसते. बॅटरीच्या यादीत ते ॲप आता शोधावं लागतं.

जाहिरातींचा हा खर्च किरकोळ समजू नका. २०१२ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले अभिनव पाठक आणि चार्ली हू यांनी मायक्रोसॉफ्टच्या मिंग झँग यांच्यासह ॲपच्या आतल्या ऊर्जेचा हिशेब मांडला. त्यांनी तपासलेल्या मोफत ॲप्समध्ये ६५ ते ७५ टक्के ऊर्जा बाहेरून घेतलेल्या जाहिरातींच्या आणि पाळत ठेवणाऱ्या भागांवर जात होती. खुद्द खेळायला किंवा वाचायला उरलेली. म्हणूनच ‘बॅटरी सेव्हर’, ‘फोन क्लीनर’ अशा नावांची मोफत ॲप्स टाकू नयेत, असं मी आग्रहाने सांगते. फोनमध्ये जे आधीपासून आहे त्यापेक्षा वेगळं काही त्यांना करता येत नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या जाहिरातींचा भार तेवढा वाढतो.

लोकेशनचं पुढे बोलायचं तर जीपीएस महाग का पडतं तेही समजून घ्यावं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत. त्यांचा संदेश सेकंदाला अवघ्या ५० बिटच्या संथ गतीने येतो, त्यामुळे नेटची मदत नसेल तर पहिलं ठिकाण काढायला अर्धा मिनिटही जातो. तेवढा वेळ रिसीव्हर आणि प्रोसेसर दोन्ही जागे. नकाशाला, टॅक्सीच्या ॲपला हे हवंच. खरेदीच्या ॲपला रात्री अडीच वाजता आपण कुठे आहोत हे कळायचं काही कारण नाही.

व्हॉट्सॲपबद्दल सगळेच विचारतात. ग्रुप म्यूट केला तर आवाज, कंप आणि स्क्रीनचं उजळणं वाचतं, ते महत्त्वाचंच आहे, पण निरोप येतच राहतात. खरा फरक पडतो तो मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद केल्याने. चॅटचा बॅकअपही फक्त वायफायवर ठेवा. घरी किंवा ऑफिसात वायफाय असेल तर ते चालू ठेवणंच फायद्याचं, कारण वायफायचा रेडिओ काम झालं की फार लवकर झोपतो, ती लांब शेपटी त्याला नाही. बॅटरी वाचावी म्हणून वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बसणारे लोक मी पाहिलेत. परिणाम बरोबर उलटा होतो.

आता अशी एक गोष्ट, जी कुठल्याच ॲपच्या नावावर दिसत नाही: रेंज. टॉवर जवळ असेल तर फोन अगदी हळू बोलतो. टॉवर लांब गेला की टॉवरच त्याला आवाज चढवायला सांगतो, फोरजीत कमाल २०० मिलिवॅटपर्यंत. हे झालं अँटेनातून बाहेर पडणारं. त्यासाठी बॅटरीतून घ्यावी लागणारी वीज त्याच्या कितीतरी पट. शिवाय सिग्नल क्षीण असला की तोच मजकूर सावकाश पाठवावा लागतो, म्हणजे चढलेला आवाज जास्त वेळ. कोकण रेल्वेने जाताना बोगद्यामागून बोगदा लागतो, एकटा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. आत गेलं की रेंज गेली, बाहेर आलं की शोधाशोध, जोडणी, आणि अडून बसलेल्या सगळ्या ॲप्सची एकदम झुंबड. गाडीत नुसत्या पडलेल्या फोनचीही बॅटरी झपाट्याने उतरते ती यामुळे. अशा प्रवासात डेटा बंद ठेवावा, आणि कुणाच्या कॉलची वाट नसेल तर सरळ फ्लाइट मोड. गाणी आधी उतरवून घेतली असतील तर ती वाजतातच.

दोन सिमवाल्यांनी एक तपासावं. गावाला गेल्यावर ज्या सिमला रेंजच नाही ते सिम फोन दिवसभर शोधत बसतो. सेटिंग्जमधून तेवढं सिम तात्पुरतं बंद करता येतं. तसंच फाइव्हजीचं. जिथे फाइव्हजी येतं-जातं, तिथे नेटवर्क मोड फोरजीवर ठेवला तर रेडिओची ये-जा थांबते. शिवाय भारतात फाइव्हजी २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं तेव्हा काही ठिकाणी ते फोरजीच्या आधाराने चालणारं होतं, आणि अशा जोडणीत फोनला दोन्ही रेडिओ सांभाळावे लागतात.

स्क्रीनचं थोडक्यात सांगते. वापर चालू असताना मोठा खर्च तिचाच, आणि ब्राइटनेस कमी करणं हाच त्यावरचा खरा उपाय. डार्क मोडचा गाजावाजा जास्त आहे. ओएलईडी पडद्यावर काळा भाग वीज घेत नाही हे खरं, पण पर्ड्यूमधल्याच २०२१च्या अभ्यासात ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना फोनची ३ ते ९ टक्केच वीज वाचली. पूर्ण ब्राइटनेसला मात्र ती बचत ३९ ते ४७ टक्क्यांवर गेली. म्हणजे उन्हात उपयोग मोठा, घरात नाममात्र. एलसीडी पडद्याला तर काहीच फरक पडत नाही.

तुमच्या फोनची झोप कोण मोडतं हे घरच्या घरी ठरवता येतं. झोपताना टक्के लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. एक रात्र नेहमीसारखी, एक रात्र डेटा आणि वायफाय बंद करून, एक रात्र फ्लाइट मोडवर. फ्लाइट मोडमध्येही पंधरा टक्के जात असतील तर रेडिओ निर्दोष आहे. एखादं ॲप प्रोसेसरला जागं ठेवतंय, किंवा बॅटरीच जुनी झालीय. डेटा बंद केल्यावर गळती थांबली तर बॅकग्राउंडला बोलणारी ॲप्स शोधा. पहिल्या दोन्ही रात्री बरंच जातं आणि फ्लाइट मोडमध्येच थांबतं, असं असेल तर तुमच्या खोलीत रेंज कमी आहे.

लगाम घालताना मात्र सरसकट सगळ्यांना घालू नका. गोळ्यांची आठवण करणारं ॲप, साखर मोजणाऱ्या सेन्सरचं ॲप, ऑफिसच्या ड्यूटीचे निरोप येतात ते ॲप, यांना ‘रिस्ट्रिक्टेड’ केलं तर आठवण उशिरा येईल किंवा येणारच नाही. काही कंपन्यांचे फोन तर स्वतःहूनच अशा ॲप्सना मारून टाकतात, तिथे उलट जाऊन त्यांना ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावं लागतं. पाऊस-पुराचे सरकारी इशारे मोठा भोंगा वाजवत स्क्रीनवर येतात, त्यांची मात्र काळजी नको. ते कुठल्याही ॲपमधून येत नाहीत, टॉवर एकाच वेळी आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना ते पाठवतो, आणि डेटा बंद असला तरी ते पोचतात. फ्लाइट मोडमध्ये तेवढे पोचत नाहीत. म्हणून पावसाळ्यात, नदीकाठी किंवा घाटाखाली राहणाऱ्यांनी रात्री डेटा बंद करावा, फ्लाइट मोड लावू नये.