शाई भरली, तरी प्रिंटर ‘शाई संपली’ का म्हणतो?

सिरिंजने कार्ट्रिज भरून झालं, बोटं काळी झाली, आणि तरी प्रिंटरवर ‘ई १६’ झळकतंय. कॅननच्या पिक्स्मा एमजी २५७०एससारख्या घरगुती प्रिंटरवर या खुणेचा अर्थ ‘शाई संपली’. मग आपण घाबरून आणखी शाई भरतो आणि चांगलं कार्ट्रिज वाया घालवतो.

मुळात हा प्रिंटर शाई बघतच नाही. तो सोडलेले थेंब मोजतो आणि त्यावरून उरलेल्या शाईचा हिशेब मांडतो. एक थेंब ५ पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा अब्जावा भाग) धरला, तर १ मिलिलिटर शाईत असे २० कोटी थेंब बसतात. तुम्ही वरून भरलेली शाई त्याच्या वहीत चढत नाही. ‘स्टॉप’चं बटण निदान ५ सेकंद दाबून धरलं, की तो त्या कार्ट्रिजचा हिशेब सोडून देतो आणि छापू लागतो.

पण मग शाईवर लक्ष ठेवणं आपल्याकडे येतं, आणि ते मनापासून करायला हवं. का, ते या छपाईच्या जन्मकथेतून कळतं. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न (तारा डाखायचं अवजार) चुकून शाईच्या सिरिंजला लागलं आणि सुईतून शाई उडाली. कॅननचे संशोधक इचिरो एंडो यांनी त्यातलं तत्त्व ओळखलं. आजही या कार्ट्रिजच्या तळाशी सूक्ष्म हीटर असतात. क्षणार्धात शाईचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. हीटरला थंड ठेवते ती हीच शाई. म्हणून कोरड्या कार्ट्रिजवर पुन्हा पुन्हा ‘क्लीनिंग’ (शाई जोरात सोडून छिद्रं साफ करणं) चालवलं तर हीटर जळतात, आणि मग कितीही शाई भरा, उपयोग नाही.

फिकट छपाईचं कारण बहुधा याहून साधं असतं. आत स्पंज असतो. तो शाई धरून ठेवतो म्हणून ती नोझलमधून, म्हणजे तळाच्या बारीक छिद्रांतून, टपकत नाही. सुई खुपसून भसकन शाई सोडली तर स्पंजात हवेचे बुडबुडे अडकतात. गच्च भरली तर खालून गळते. हळूहळू भरा, थोडा वेळ तसंच राहू द्या, मग तळ घडी घातलेल्या टिश्यूवर अलगद टेकवा. काळ्याचा एक सलग पट्टा उमटला पाहिजे, रंगीत कार्ट्रिजचे तीन. पट्टे नीट आले तर शाई वाहते आहे, दोष दुसरीकडे शोधा.

एक खूण मला फार उपयोगी वाटते: पहिली दोन-तीन पानं छान, मग फिकट, आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा छान. असं झालं तर वरचं हवेचं भोक टेपने बंद झालंय का ते बघा. शाई बाहेर जाताना तिच्या जागी हवा आत यावी लागते.

शाईची जातही सांभाळायची. या प्रिंटरच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंटची, म्हणजे बारीक कणांची शाई असते, रंगीतमध्ये विरघळलेल्या रंगाची. कणांची शाई रंगीत कार्ट्रिजमध्ये गेली तर बारीक नोझल तुंबू शकतात.

‘ई ०५’ मात्र वेगळी गोष्ट सांगतो: कार्ट्रिज ओळखता येत नाही. भरताना सांडलेली शाई बहुधा कार्ट्रिजवरच्या तांब्याच्या रंगाच्या ठिपक्यांवर वाळलेली असते; तिथूनच त्याचा प्रिंटरशी विजेचा संपर्क होतो. धागे न सुटणारं कापड किंचित ओलं करून ते ठिपके आणि प्रिंटरच्या आतल्या पिना हलकेच पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या, आणि कार्ट्रिज ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा.

काही कार्ट्रिजवर प्रिंटरला ओळख पटवणारी चिप असते. दुसऱ्या कंपनीच्या चिपचं कार्ट्रिज घेणाऱ्यांचा त्रास निराळा. एचपीच्या काही प्रिंटरमध्ये ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ आहे, म्हणजे परक्या चिपचं कार्ट्रिज अडवणारी सोय. काल चालणारं कार्ट्रिज अपडेटनंतर आज नाकारलं जाऊ शकतं. तिथे टिश्यू, सुई, कापड काहीच कामाचं नाही. २०२२ च्या सुरुवातीला चिपचा तुटवडा पडला तेव्हा कॅननने जर्मनीत चिप नसलेले टोनर (लेझर प्रिंटरची शाईची भुकटी) विकले आणि त्यामुळे येणारा इशारा कसा बाजूला सारायचा ते ग्राहकांना स्वतःच सांगितलं. तो लेझर यंत्रांचा टोनर होता, पण चिप नसतानाही छपाई होत होती.